ट्रेलरच्या छतावरचा स्नो आणि आतला हीटर: बफेलोजवळचं एक प्रकरण

ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, 26 फुटी, 2018 सालचा, न्यूयॉर्क राज्यात बफेलोच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरात घराच्या गॅरेजला लागून उभा. मालक म्हणजे आमच्या मंडळातल्या ओळखीचे काका-काकू. दोघंही निवृत्त. थँक्सगिव्हिंग आटोपलं की ट्रेलर गाडीला जोडायचा, फ्लोरिडाची वाट धरायची आणि हिवाळा संपल्यावर परतायचं, हा त्यांचा शिरस्ता. 2022 साली निघायला जेमतेम आठवडा उरला होता आणि ट्रेलरच्या छतावर साडेतीन फुटांहून जास्त स्नो येऊन बसला.

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकले होते, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच होता. पहिला प्रश्न, उभ्या ट्रेलरच्या छतावरचं वजन कमी कसं करायचं? दुसरा, हाच ट्रेलर हायवेवर नेण्याआधी त्याचं छत पूर्ण मोकळं कसं करायचं? दोन्हींना लोक सरसकट ‘स्नो काढणं’ म्हणतात, पण पहिल्या कामात छतावर थोडा थर मुद्दाम ठेवायचा असतो आणि दुसऱ्यात एक खपलीसुद्धा चालत नाही. पहिलं काम घाईचं, दुसरं थांबून करायचं. काकांना दोन्ही एका दमात उरकायची होती.

वादळ

बफेलोला स्नोचं अप्रूप नाही, पण हे वादळ त्यांच्या हिशेबानेही दांडगं होतं. ईरी सरोवर सुमारे 390 किलोमीटर लांब, नैऋत्य-ईशान्य पसरलेलं, आणि बफेलो त्याच्या ईशान्य टोकाला. नोव्हेंबरात सरोवराच्या पाण्यात उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते आणि वरून वाहणारी हवा बर्फाळ. वारा सरोवराच्या लांबीच्या दिशेने धरला की एवढ्या अंतरावरून बाष्प गोळा करत येतो आणि किनाऱ्याला लागला की एका अरुंद पट्ट्यात ते ओतून मोकळा होतो. 17 ते 20 नोव्हेंबर या चार दिवसांत हॅम्बर्ग गावात 81.2 इंच स्नो पडला, शेजारच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये 80 इंच. काही मैलांवरच्या विमानतळावर याच्या निम्मासुद्धा नाही. बफेलो बिल्स या फुटबॉल संघाचं स्टेडियम ऑर्चर्ड पार्कमध्येच आहे; त्यांचा रविवारचा घरचा सामना थेट डेट्रॉइटला हलवावा लागला.

ट्रेलर नेमका त्या पट्ट्यात होता. शनिवारी सकाळी काकांचा फोन आला. रस्त्यांवर वाहनबंदी, मी रॉचेस्टरला. म्हणजे जे काय करायचं ते व्हॉट्सॲपवर.

“अरे, छत बसेल रे हे. मागच्या शिडीने वर जातो आणि शोव्हलने लोटून देतो. तासाभराचं काम.”

मागून काकूंचा आवाज आला, “अहो, दोन वर्षं नाही झाली स्टेंट टाकून. वर चढायचं नाही म्हणजे नाही. तू सांग रे यांना.”

मी काकूंची बाजू घेतली, आणि केवळ स्टेंटमुळे नाही. त्याच वादळात स्नो काढताना हृदयविकाराचा झटका येऊन ईरी काउंटीत, म्हणजे बफेलोच्याच जिल्ह्यात, दोन माणसं गेल्याची बातमी आली होती. पण काका पंचविशीचे असते तरी मी हेच म्हटलं असतं.

या ट्रेलरच्या छताचा सांगाडा लाकडी कैच्यांचा (छत तोलणाऱ्या चौकटींचा), त्यावर पातळ प्लायवुड आणि प्लायवुडवर चिकटवलेलं पांढरं ईपीडीएम रबर, जाडी मिलिमीटरभर. उंची जमिनीपासून साधारण साडेदहा फूट. कडेला कठडा नाही. कडेवरचा स्नो वाऱ्याने पुढे सरकून लोंबत असतो, त्यामुळे छत कुठे संपतं ते वरून कळत नाही. त्याच्याखाली ओलं रबर म्हणजे साबण लावलेली फरशी. शिवाय वर जागोजागी भोकं आहेत: चौदा इंची दोन व्हेंट, बाथरूमवरचा प्लास्टिकचा स्कायलाइट, फ्रिजचा व्हेंट, सांडपाण्याच्या टाकीच्या पाइपाची टोपी. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं. साडेतीन फूट स्नोखाली यातलं काही दिसत नाही. पाय स्कायलाइटवर पडला की माणूस थेट शॉवरमध्ये. आणि शोव्हलची धातूची कड रबरावर एकदा घासली की वसंतात पाणी कुठून येतंय ते शोधत बसा.

आणखी एक मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. पसरलेलं वजन छत बऱ्यापैकी पेलतं. त्याच छतावर ऐंशी किलोचा माणूस दोन बुटांवर उभा राहिला की ते वजन दोन कैच्यांमधल्या पातळ प्लायवुडच्या एकाच जागेवर येतं, तेही स्नोच्या वजनावर आणखी. ज्या छताची काळजी वाटते त्याच्यावर आपणच चढून जायचं, हे मला कधी पटलेलं नाही.

वजन किती?

‘खूप आहे’ म्हणून भागत नाही. दोन फूट सुका स्नो आणि दोन फूट ओला स्नो यांच्या वजनात चारपट फरक पडू शकतो. ताजा, भुसभुशीत लेक इफेक्ट स्नो (असा सरोवरावरून आलेला) घनमीटरला 50 ते 100 किलो भरतो, दोन-तीन दिवस बसलेला त्याहून जड, आणि भिजलेला 300 ते 500 किलो. घट्ट आइस 917.

म्हणून काकूंना एक काम दिलं. परसात पिकनिक टेबल होतं, वादळ सुरू झाल्यापासून कुणी हात न लावलेलं. त्यावरच्या ढिगातून पाच गॅलनची म्हणजे 19 लिटरची बादली आडवी खुपसून, न दाबता भरायची. एकदा वरच्या थरातून, एकदा मधल्या, एकदा तळाच्या. मग बाथरूममधल्या वजनकाट्यावर स्वतः बादली घेऊन उभं राहायचं, नंतर बादलीशिवाय. काकू शाळेत विज्ञान शिकवायच्या. तिन्ही आकडे त्यांनी कागदावर मांडून, सरासरी काढून, बादलीचं वजन वजा करून फोटो पाठवला: 2.6 किलो. म्हणजे घनमीटरला 137 किलोच्या आसपास.

छतावरच्या थराचा उभा काप खालून दिसत होता. त्याच्याशेजारी दांडा धरून मोजलं तर गॅरेजच्या बाजूला चार फुटांच्या वर, मोकळ्या बाजूला तीन. सरासरी 1.1 मीटर धरली. 137 गुणिले 1.1, दर चौरस मीटरला 150 किलो. छत 8 बाय 23 फूट, म्हणजे 17 चौरस मीटर. एकूण अडीच टन. हा ट्रेलर रिकामा असताना साधारण तेवढ्याच वजनाचा. छताने ट्रेलरएवढाच दुसरा ट्रेलर डोक्यावर घेतला होता.

तरी माझी पहिली चिंता हा आकडा नव्हता. काकूंना आत पाठवून तीन गोष्टी बघायला सांगितल्या. दार चौकटीला घासतंय का? वरच्या कपाटांची दारं नीट लागतात का? एसीच्या चौकटीभोवती छत खाली झुकलंय का? एसीचं यंत्र चाळीसेक किलोचं आणि ते छताच्या मधोमध, चौदा इंची भोकावर बसलेलं असतं. छत वाकायला लागलं की पहिल्यांदा तिथे दिसतं. कपाटं ठीक होती. एसीभोवती काही नाही. दार वरच्या कोपऱ्यात किंचित घासत होतं, पण काका म्हणाले ते उन्हाळ्यातही घासतं. म्हणजे छत आत्ता या घडीला बसत नव्हतं.

खरी चिंता हवामानाच्या अंदाजाची होती. पुढच्या आठवड्यात तापमान शून्याच्या वर जाणार होतं, आणि अशा वेळी पाऊस आला तर कोरडा स्नो स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला 25 किलो, या छतावर सव्वाचारशे किलोची भर. शिवाय भिजलेला स्नो लांब दांड्याच्या रेकने ओढायला दुप्पट कष्ट. तेव्हा काढायचा तर हलका आहे तोवरच, म्हणजे रविवार-सोमवारी.

वजन उतरवलं ते असं

काकांच्या गॅरेजमध्ये घराच्या छतासाठीचा रूफ रेक होता: लांब ॲल्युमिनियमचा दांडा आणि पुढे आडवी पट्टी. घराच्या शिंगल्सवर तो चालतो, रबरावर त्याची कड चालत नाही. शेजारच्या मुलाकडे गाडीवरचा स्नो झटकायचा फोमच्या डोक्याचा ब्रश होता. रेकची पट्टी काढून त्या जागी ते फोमचं डोकं होज क्लॅम्पने आवळलं. दिसायला गबाळं, पण कामाला फक्कड. शेजाऱ्याचा हा मुलगा कॉलेजातला, अंगापिंडाने मजबूत. त्याने आणि त्याच्या वडिलांनी काम केलं. काकांनी फक्त सूचना द्यायच्या, असा काकूंचा हुकूम.

पहिला तास छताला कुणी हात लावला नाही. तो गेला खालची जागा मोकळी करण्यात. हा भाग लोक हमखास विसरतात. छतावरून जवळजवळ 19 घनमीटर स्नो खाली येणार होता. तो भिंतीला टेकून साचला तर खिडक्यांवर दाब येतो, दार उघडत नाही, फर्नेसचं धुराडं आणि फ्रिजचा बाजूचा व्हेंट बुजतात. ट्रेलरमध्ये कुणी राहत असेल तर बुजलेलं धुराडं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आत. इथे कुणी राहत नव्हतं, तरी स्नोब्लोअरने दोन्ही बाजूंना सहा-सहा फुटांच्या पट्ट्या काढून घेतल्या. घराकडे येणारी विजेची तार कुठून जाते तेही बघून घेतलं. वीस फुटी ॲल्युमिनियमचा दांडा हातात घेऊन वर बघत चालणारा माणूस तारेकडे बघत नसतो.

मग छतावरची भोकं खुणावायची होती. काकांच्या फोनमध्ये उन्हाळ्यात छत धुताना काढलेला फोटो सापडला. त्यावरून प्रत्येक व्हेंट पुढच्या टोकापासून किती फुटांवर आहे ते काढलं आणि बफेलोकर ड्राइव्हवेच्या कडेला रोवतात त्या नारिंगी काठ्या ट्रेलरच्या बाजूने नेमक्या त्या अंतरांवर स्नोत रोवल्या. नारिंगी काठी दिसली की हात हलका.

बाकी काम रटाळ होतं. वरून पातळ थर घ्यायचा, आपल्याकडे ओढायचा. खाली खुपसून उपटायचं नाही. एक पट्टा या बाजूने, मग तेवढाच पलीकडून. एक बाजू पूर्ण मोकळी आणि दुसरी पूर्ण भरलेली, असं झालं तर कैच्यांवर तिरपा भार येतो आणि ट्रेलर जॅकवर कलतो. गॅरेजच्या बाजूला दांडा फिरवायला जागा नव्हती, तिथे गॅरेजच्या कोपऱ्यातून तिरकं ओढावं लागलं आणि तिथला थर बाकी छतापेक्षा वीतभर जाडच राहिला. मी तो तसाच सोडायला सांगितला.

तळाचे तीन इंच सगळीकडे सोडले. काकांना ते बघवत नव्हतं. “एवढं केलं तर तेवढंही ओढून घेऊ दे की!” पण वजन गेलं होतं. उरलेले तीन इंच रबराचं आणि सीलंटचं रक्षण करत होते. शेवटच्या तीन इंचांसाठी दहा वेळा घासणं म्हणजे व्हेंटच्या कडेला लावलेलं सीलंट उचकटायला आमंत्रण.

लोंबणाऱ्या आइसच्या सळया

सोमवारी दुपारी काकांनी काम झाल्याचा फोटो पाठवला. छत ठीक होतं, पण माझी नजर खिळली ती बाजूच्या पन्हळीवर. स्वयंपाकघराच्या बाजूला, आठ-दहा फुटांच्या टापूत, आइसच्या जाड सळया लोंबत होत्या. आकाश ढगाळ, दिवसभर तापमान शून्याखाली, ऊन नाही. मग पाणी आलं कुठून? मागे शेजाऱ्याचा ट्रेलर दिसत होता, साधारण याच बांध्याचा, छतावर तेवढाच स्नो, हात न लावलेला. त्याच्या कडेला एकही सळई नव्हती.

“काका, आत काही चालू आहे का?”

होतं. 1500 वॉटचा विजेचा हीटर, स्वयंपाकघरात, वादळाच्या आदल्या दिवसापासून. पाइप फुटू नयेत म्हणून. पण ऑक्टोबरातच काकांनी नळातलं पाणी काढून पाइपात न गोठणारं गुलाबी अँटीफ्रीझ भरलं होतं, दरवर्षी भरतात. पाइपांना हीटरची गरजच नव्हती. “म्हटलं, असू दे, जास्तीची खबरदारी.”

त्या खबरदारीने छतावर काय केलं ते असं. ट्रेलरच्या छतात घरासारखी फूट-दीड फुटांची इन्सुलेशनची गादी नसते, काही इंच असते. आतली ऊब वर गेली, साडेतीन फूट स्नोने तिला वरून पांघरूण घातलं, आणि अगदी तळाचा थर वितळायला लागला. ते पाणी उताराने कडेला आलं. कडेखाली ऊब नाही, तिथे ते गोठलं. गोठलेल्या बांधामागे पाणी तुंबलं, तेही गोठलं. असा थर वाढत स्वयंपाकघराच्या वर सहा चौरस मीटरभर आइस झाला, जाडी चार सेंटिमीटरपर्यंत, रबराला घट्ट चिकटलेला. आणि तुंबलेलं पाणी व्हेंटच्या सीलंटला बारीकशी फट मिळाली तर तिथून आत शिरणार. घराच्या छतावर होतो तो आइस डॅम हाच. स्नो सरोवराने आणला होता, आइस मात्र हीटरने केला होता.

हीटर तत्काळ बंद केला. काकांचा पुढचा प्रस्ताव होता गरम पाण्याचा होज. हा प्रस्ताव प्रत्येक प्रकरणात येतो, म्हणून हिशेब इथे देतो. सहा चौरस मीटर, चार सेंटिमीटर, म्हणजे 220 किलो आइस. एक किलो आइस वितळायला 334 किलोज्यूल लागतात. 60 अंशांचं एक किलो पाणी शून्यापर्यंत थंड होताना 250 किलोज्यूल देतं. म्हणजे सगळी उष्णता कामी आली तरी 290 लिटर गरम पाणी हवं. घरातला गॅसचा गीझर दीडशे-पावणेदोनशे लिटरचा. दोन गीझरभर पाणी ओतायचं, आणि वितळलेल्यासकट पाचशे लिटर पाणी भिंतीवरून, दाराच्या कुलपावरून, पायऱ्यांवरून ड्राइव्हवेवर येऊन रात्री पुन्हा गोठणार. वर थंडगार स्कायलाइटवर गरम पाणी पडून त्याला तडा जाणार ते वेगळंच.

मीठही नको. साधं रॉक सॉल्ट उणे नऊ-दहाच्या खाली फारसं काम करत नाही, आणि ते असो की कॅल्शियम क्लोराइड, खारं पाणी कडेच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत, स्क्रूंच्या भोकांत आणि खाली पोलादी चासीवर जातं. गंज पुढची कैक वर्षं पुरतो. हातोडीने फोडायचं तर आइस रबराला चिकटलेला आहे. तो निघाला तर रबर घेऊनच निघेल.

उरला एकच उपाय: थांबणं. यावर काकांची नाराजी झाली, कारण शुक्रवार, 25 तारखेला निघायचं ठरलं होतं.

दुसरं काम: रस्त्यासाठी छत मोकळं करणं

बफेलोहून फ्लोरिडाला जायचा त्यांचा नेहमीचा मार्ग म्हणजे आय-90 हायवेने ईरी शहर, तिथून आय-79 ने पिट्सबर्गवरून खाली वेस्ट व्हर्जिनियात. म्हणजे तासा-दीड तासात पेन्सिल्व्हेनिया. तिथे 2022 सालीच कायदा बदलला होता: स्नो थांबल्यापासून 24 तासांच्या आत गाडीवरचा स्नो आणि आइस काढण्याचे वाजवी प्रयत्न चालकाने केले पाहिजेत, नाहीतर 50 डॉलर दंड; तुकडा उडून कुणाला गंभीर इजा झाली तर दंड कितीतरी मोठा. न्यू जर्सी, कनेक्टिकट, न्यू हॅम्पशायर इथेही असे कायदे आहेत.

दंड सोडा. तीन फुटांचा आइसचा पत्रा ताशी शंभर किलोमीटरने मागच्या गाडीच्या काचेवर आदळला तर काय होतं, ते हिवाळ्यात हायवेवर ट्रकांच्या मागे गाडी चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. ट्रेलरचा धोका वेगळा आहे. निघताना आइस घट्ट असतो, म्हणून वाटतं, राहील. मग दुपारी ऊन येतं, रबर तापतं, पत्रा सुटतो आणि पुलाच्या सांध्यावर बसलेल्या धक्क्याने उचलला जातो. चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. छत त्याच्या आरशात दिसत नाही.

मंगळवारी बंदी उठल्यावर मी पोचलो. छतावर न चढता छत बघायला घराच्या वरच्या मजल्यावरची बेडरूमची खिडकी होती, आणि पलीकडच्या बाजूसाठी दांड्याला बांधलेला फोन. पुढच्या जॅकने ट्रेलरचं नाक दोन-तीन इंच वर उचललं, म्हणजे वितळलेलं पाणी तुंबून न राहता मागच्या कोपऱ्यांतून निघून जावं. मागच्या दोन्ही कोपऱ्यांच्या पन्हळींची तोंडं आइसने बुजली होती. तेवढ्याच जागी प्लास्टिकच्या बाटलीतून कोमट पाणी थोडं थोडं सोडून ती मोकळी केली. गरम पाण्याला माझा विरोध घाऊक ओतण्याला आहे, एवढ्याला नाही.

बुधवारी आणि थँक्सगिव्हिंगच्या दिवशी तापमान शून्याच्या बरंच वर गेलं. बुधवारी दुपारी हीटर पुन्हा लावला, या वेळी मुद्दाम. काका माझ्याकडे बघतच राहिले. आदल्या आठवड्यात त्याच हीटरने आइस केला कारण वर पांघरूण होतं आणि कडेला पाणी गोठत होतं. आता पांघरूण तीन इंचांचं, कड शून्याच्या वर आणि पन्हळ वाहती. अशा वेळी आतून ऊब दिली की रबराला चिकटलेली बाजू आधी सुटते आणि मग वरचा आइस पूर्ण वितळायची वाट बघावी लागत नाही. 220 किलो आइस पूर्ण वितळवायला हा हीटर, सगळी ऊब वर गेली असं धरूनही, चौदा तास खाईल. चिकटलेला थर सोडवायला त्याचा छोटा हिस्सा पुरतो. दुपारी तीनच्या सुमारास कडेला चर्रर्र असा आवाज झाला आणि ताटाएवढा पत्रा आपोआप सरकून खाली आला. त्याच्या खालच्या बाजूला रबराच्या विणीचा ठसा उमटला होता, इतका तो घट्ट बसला होता. त्यानंतर फोमच्या ब्रशने नुसतं ढकललं की तुकडे सुटत गेले. व्हेंटभोवतालचे तुकडे मात्र मी कुणाला ओढू दिले नाहीत. ते गुरुवारी दुपारपर्यंत वितळून गेले.

गुरुवारी संध्याकाळी छत मोकळं होतं. काकूंनी टर्कीच्या जोडीला पुरणपोळी केली होती. थँक्सगिव्हिंगला त्या दरवर्षी करतात.

काय बिघडलं होतं

शुक्रवारी कोरड्या हवेत, शिडी घट्ट रोवून, खाली धरायला माणूस ठेवून, कडेवरूनच तपासणी केली. सांडपाण्याच्या पाइपाची टोपी तडकली होती. मागच्या व्हेंटच्या झाकणाला कोपऱ्यात बारीक चीर. स्वयंपाकघरावरच्या व्हेंटच्या चौकटीला लावलेलं सीलंट दोन बोटं लांबीवर रबरापासून सुटलं होतं, आणि त्याच्या थेट खाली, आत, छताच्या फळीवर रुपयाएवढा पिवळसर डाग. बोटाने दाबला तर फळी टणक होती, म्हणजे पाणी आत शिरलं पण मुरलं नव्हतं.

यातली एकही मोडतोड वजनाने झालेली नाही. टोपी आणि झाकण बहुधा ब्रशच्या धक्क्याने गेले, काठ्या रोवूनसुद्धा. सीलंट तुंबलेल्या पाण्याने गोठताना उचललं. अडीच टनांनी जे केलं नाही ते मूठभर पाण्याने केलं.

रबराच्या छतावर वापरतात ते आपोआप पसरणारं सीलंट थंडीत पसरत नाही आणि नीट सुकत नाही. म्हणून तात्पुरती दुरुस्ती: जागा पुसून कोरडी केली, अल्कोहोलने स्वच्छ केली (पेट्रोलजन्य सॉल्व्हंट ईपीडीएमला चालत नाही, रबर फुगतं) आणि त्यावर छतांसाठी मिळते ती ब्युटाइलची चिकट पट्टी दाबून बसवली. टोपी नवी. झाकणाच्या चिरेवर तीच पट्टी. पक्की दुरुस्ती फ्लोरिडात, उबेत.

सोमवारी, 28 तारखेला ते निघाले. ठरल्यापेक्षा तीन दिवस उशिरा. पेन्सिल्व्हेनियाच्या हद्दीतल्या पहिल्याच विश्रांतीस्थळावर थांबून दांड्याला बांधलेल्या फोनने छताचा फोटो काढायचा आणि मला पाठवायचा, एवढी अट घातली होती. फोटोत एसीच्या मागे हाताच्या पंजाएवढा आइसचा तुकडा होता. काकांनी ब्रशने तो खाली पाडला.

शेजाऱ्याचा ट्रेलर

हे प्रकरण मी दोघा-तिघांना सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, शेजाऱ्याच्या ट्रेलरचं काय झालं? काही नाही. त्याने छताला हात लावला नाही. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात स्नो खचला, वितळला, वाहून गेला. आत हीटर नव्हता, त्यामुळे आइस डॅम नाही. वसंतात उघडला तेव्हा छत कोरडं.

मग रविवार-सोमवारची ती मेहनत वाया गेली का? काकांचं मत तसं आहे, आणि ते मला दर भेटीत ऐकवतात. माझं उत्तर असं की तो निर्णय अंदाजावर घेतलेला होता, निकालावर नाही. त्या आठवड्यात जोराचा पाऊस झाला असता तर दोन्ही छतांवर चौरस मीटरला 150 किलोंच्या जागी पावणेदोनशे झाले असते, आणि कुणाचं छत किती जुनं, कुणाची कैची आधीच ओलीने कुजलेली, ते त्या दिवशी कळलं असतं. शिवाय स्नो न काढता काकांचा हीटर तसाच चालू राहिला असता तर त्या आइसच्या सळयाच दिसल्या नसत्या, कारण फोटो काढायला कुणी बाहेर गेलंच नसतं. पण एक कबूल करायला हवं: हीटर नसता आणि फ्लोरिडाला जायचं नसतं, तर मी काकांना छताला हात लावू नका, आत दार आणि कपाटं रोज तपासा, पावसाचा अंदाज आला तरच रेक काढा, एवढंच सांगितलं असतं.

पुढच्या हिवाळ्यापासून काकांनी ट्रेलर फ्लोरिडातल्याच एका स्टोअरेजमध्ये ठेवायला सुरुवात केली. जाताना-येताना नुसती गाडी. महिन्याचं भाडं काकूंना जड वाटतं. तिथे छतावर स्नो नाही, पण ऊन बारा महिने, आणि त्या उन्हाने रबराची वरची पांढरी भुकटी होऊन भिंतींवर ओघळ येतात. ते धुवायला काका वर चढतात की नाही, ते काकूंना विचारायला हवं.